दोन बोटं ढिला

घाटनांदूरला जत्रेत आम्ही हौशी लोक दरवर्षी एखादं जुनं नाटक करतो. मी शाळामास्तर, म्हणून बसवायचं माझ्याकडे. कपडे स्टँडमागचे चाचा शिवतात. नाटकाचे असोत की गिऱ्हाइकाचे, आधी समोरच्याचं बोलणं ऐकल्याशिवाय चाचा टेप हातात घेत नाहीत. मशीन थांबवून म्हणतात, "वाचा, सर." पहिला प्रवेश संपला की हात वर. "बास. पुढचं कशाला वाचता? माणसं समजली."

यंदाच्या नाटकात पडदा उघडताच सरदार भर दरबारात तीनदा विचारतो, "दरवाजा लावला का?" चाचांनी त्याचा अंगरखा खांद्यात दोन बोटं ढिला शिवला. मी चिडलो. "चाचा, सरदार आहे तो! रुबाब नको?"

"आता हाय की रुबाब. पण लई भ्यालाय. शेवटापर्यंत वाळंल, बघा."

सरदाराचं काम आमच्या पोस्टमनचं. सुरुवातीला ते छाती काढून बसले, ढिलाई दिसलीच नाही. शेवटी खांदे पाडून एकटे उभे राहिले आणि अंगरखा आपोआप घसरला.

परवा चाचांकडून माझा नवा सदरा आणला. घालून पाहिला, तर खांद्यात दोन बोटं ढिला. चाचांचं माप चुकत नाही. तेव्हापासून मी एकच आठवतोय, कापड टाकायला गेलो त्या दिवशी दुकानात शिरताना मी काय बोललो होतो.