वाळवंटातील तिलतर्पण

माझी पत्नी गेली तेव्हा आमचा एकुलता एक मुलगा आखातातील नोकरीवर होता. त्याला रजा मिळेपर्यंत ठाण्याला नौपाड्यातील घरी सर्व विधी पुतण्याच्या हातून उरकले होते. वर्ष भरत आले तरी आईला मुलाच्या हातचे पाणी मिळाले नव्हते, आणि वर्षश्राद्धालाही त्याला येता येणार नव्हते. म्हणून काळे तीळ, दर्भ आणि नवे जानवे घेऊन मीच त्याच्याकडे गेलो.

"तीळ इथे सुपरमार्केटात मिळतात, बाबा," तो विमानतळावर म्हणाला.

"जानवी मिळतात का?"

"तुम्ही आलात म्हणजे मिळणारच."

त्याच्या उंच इमारतीतील नळाला मीठ काढलेले समुद्राचे पाणी येई. तेही चालले असते. परंतु माझे मन वाहत्या पाण्यावर अडून बसले. अखेर तिथीच्या दिवशी सुटी असल्याने त्याने पहाटेच गाडी काढली आणि मला वाळवंटात खूप आत, एका मरूद्यानाकडे नेले. कितीतरी वेळ दोन्ही बाजूंना नुसती वाळू. मग एकाएकी खजुरांची हिरवी दाटी, तिच्या कडेला ढासळलेल्या मातीच्या भिंती आणि एका प्राचीन देवळाचे उरलेसुरले खांब.

इथे देव कोणता होता, ते पाटीवर नव्हते. उंबऱ्याचा दगड मात्र पावलांनी झिजून खोलगट झाला होता. इथेही कोण्या बापाने मुलाला मंत्र शिकवले असतील, आणि पुढे कोण्या मुलाने ते म्हणणे सोडून दिले असेल, हा विचार मनात येऊन तिथेच बसला. मी चपला काढून हात जोडले.

"बाबा, प्लीज, इथे असं नका करू. रखवालदार बघतोय."

त्याच्या आवाजातील भीती खरी होती. त्याचे पोट त्या मुलखावर होते. मी चार दिवसांचा पाहुणा.

देवळाखालच्या खडकातून निघणारा झरा खजुरांना जाणाऱ्या पाटात पडत होता. पाटाकाठी, झाडांच्या विरळ सावलीत, आम्ही दक्षिणेकडे तोंड करून बसलो. त्याने शर्ट काढला आणि जानवे उजव्या खांद्यावर घेतले.

"आई असती तर म्हणाली असती, पुरे तुमचं शास्त्र, पोराला ऊन लागतंय," तो म्हणाला.

मी हसलो. तो हसला नाही.

मी संकल्प सांगू लागलो. आपण कोणत्या देशी, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत, हे त्यात उच्चारावे लागते. गोदावरीच्या दक्षिणेचा सारा मुलूख तिचाच तीर धरतात, त्यामुळे आजवर ठाण्यातही गोदावरीचा दक्षिण तीर आपोआप जिभेवर येई. इथे मी अडखळलो. गोदावरी म्हणणे असत्य, आणि या झऱ्याचे नाव मला ठाऊक नव्हते. देवळाकडून पर्यटकांचे बोलणे जवळ येऊ लागले.

"बाबा, लवकर. लोक येतायत."

"थांब, जरा विचार करू दे."

तो थांबला नाही. त्याने ओंजळीत पाणी आणि तीळ घेतले, "आई, घे गं," म्हणाला, आणि बोटांच्या टोकांवरून पाणी वाळूत सोडले.

देवांना पाणी तसे देतात. पितरांना ते अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून द्यायचे असते. ते त्याला दाखवायचे राहिले होते. तीळ शिल्लक होते, पाणी तर वाहतच होते. 'पुन्हा सोड' एवढेच मी म्हणायचे होते. पण तो ओल्या वाळूकडे पाहत बसला होता, ओंजळ तशीच उघडी. मी उरलेले तीळ पुडीत बांधून ठेवले. तेवढ्यात पर्यटक आले आणि त्याने घाईने शर्ट चढवला.

परतीच्या वाटेवर त्याने विचारले, "बरोबर झालं ना, बाबा? तिला पोचलं ना?"

"पोचलं," मी म्हणालो.

त्याचा चेहरा सैलावला. स्टिअरिंगवरचे त्याचे हातही सैल झाले. ठाण्याला परतल्यापासून मी एकेक ग्रंथ काढून पाहतो आहे. माझ्या त्या एका शब्दाला आधार देणारे वचन मला अद्याप सापडलेले नाही.