दोन चालींतलं लग्न

माझ्या लग्नात देवाची स्तुती एकाच वेळी दोन चालींत झाली, आणि माझ्या अंदाजाने दोन्हींतली एकही देवापर्यंत पोहोचली नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या गीतांच्या पुस्तकात पुष्कळ गीतांच्या डोक्यावर दोन चाली दिलेल्या असत. एक देशी, एक इंग्रजी. पुस्तक छापणाऱ्याला वाटलं असेल की लोक आपापल्या आवडीची निवडतील. लोकांनी ती निवडली, आणि दुसरी निवडणाऱ्यांशी बोलणं सोडलं.

माझे बाबा इंग्रजी चालीचे. अमरावतीच्या एका कचेरीत ते हेडक्लार्क होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, त्यामुळे नागपूरहून अधूनमधून एखादा साहेब तपासणीला येई, आणि त्या दिवशी बाबा टाय बांधत. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाताना त्याहून चांगला टाय बांधत. (देवाचा हुद्दा साहेबापेक्षा वरचा आहे, हे त्यांना तत्त्वतः मान्य होतं.) पायपेटीवर संथ, लांबलचक सूर धरून गायलेलं गीतच देवाच्या कानावर जातं आणि बाकी सगळं कारकुनाच्या टेबलावर पडून राहतं, अशी त्यांची समजूत होती.

माझे होणारे सासरे दावीदराव देशी चालीचे. अकोल्याला मोर्णेच्या काठी त्यांचा भाजीचा मळा होता आणि देवळातला भजनी मेळा त्यांच्या हुकमतीत होता. त्यांचा फेटा बाबांच्या टायच्या तोडीस तोड. गाताना ते डोळे मिटून घेत. पण मेळ्यात कोण नुसतेच ओठ हलवतो आहे, हे त्यांना मिटल्या डोळ्यांनी बरोबर दिसे.

सोयरीक ठरली, दिवस ठरला, लग्नाचं गीतही ठरलं. ते सात कडव्यांचं होतं, आणि त्याच्या डोक्यावर अर्थातच दोन चाली होत्या.

"शमुवेल," बाबा मला म्हणाले, "देवाच्या घरात ढोलकी वाजणार असेल, तर मी अमरावतीतच बसून तुला आशीर्वाद देईन. अकोल्याला येणार नाही. तसं त्यांना कळव."

मी कळवायला अकोल्याला गेलो. (बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते. तिथल्या बाकावर मी त्या महिन्यांत जितका बसलो, तितका कुठल्याही देवळात बसलो नसेन.) दावीदरावांनी मला मळ्यातच गाठलं.

"जवाई, मी साफ सांगून राहिलो. ते मडमेची चाल आमच्या बायांले येत नाई. एकेक शब्द असा ताणतेत, का वाटते मयताले चाल्ले! पोरगी आमची, देऊळ आमचं, चाल बी आमचीच. नाई त तुमच्या बाबाले सांगा, पोरगी दुसऱ्याची पाहा म्हना."

"बाबा मानले आहेत," मी म्हणालो.

का म्हणालो, हे मला आजही सांगता येत नाही. मी थकलो होतो, ऊन होतं, आणि त्यांच्या हातात वांगी तोडायचा विळा होता. 'मानले आहेत' हे शब्द फार स्वस्त पडतात, हा त्या दिवशी लागलेला शोध. अमरावतीला परतलो आणि बाबांनाही तेच सांगितलं, "दावीदराव मानले आहेत." घरात इतकी शांती पसरली, की मला स्वतःचं कौतुक वाटलं. शांती करणारे धन्य, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतातच!

पण बाबा नुसते खूष होऊन थांबणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी अमरावतीहून पायपेटी न्यायचं ठरवलं, आणि तिच्याबरोबर चार गाणारे. झालं! मला पुन्हा बडनेऱ्याच्या बाकावर बसावं लागलं.

"पेटी काहून येऊन राहिली?" दावीदरावांनी विचारलं.

"ती फक्त आत येताना वाजेल, मामा. नवरानवरी चालत येतात ना, तेवढ्यापुरती."

"मंग ठीक हाय. चालतानी वाजवू द्या. पायानंच त वाजते ते."

आणि अमरावतीला बाबांनी विचारलं, "अकोल्याचे लोक ढोलकी आणणार आहेत, असं ऐकतो?"

"जेवणाच्या वेळी, बाबा. पंगतीत."

"पंगतीत माझी हरकत नाही. पंगत काही उपासना नव्हे."

हे सगळं जिच्यासाठी चाललं होतं ती मार्था, माझी होणारी बायको, अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत होती. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तिने मला चहा दिला आणि समोर उभी राहिली. पोरींना पाढे विचारताना ती अशीच उभी राहत असणार.

"तुमचे बाबा खरंच मानले?"

"मानले."

"पाहा बरं. मले चाल कोनती बी चालते. मी दोनी म्हनते. पन खोटं बोलनारा मानूस मले नाई चालत. तसं असन त आताच सांगून द्या, कप खाली ठेवा आन गाडी पकडा."

मी कप खाली ठेवला नाही. चहा उत्तम होता.

लग्नाच्या सकाळी पायपेटी रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून उतरली, टांग्यातून देवळात आली आणि डाव्या अंगाला बसली. उजव्या अंगाला ढोलकी, झांजा आणि दावीदरावांचा फेटा. दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे मोठ्या मनाने पाहिलं. पेटीला वाटत होतं, ही बिचारी ढोलकी पंगतीची वाट पाहते आहे. ढोलकीला वाटत होतं, बिचाऱ्या पेटीचं काम आता आटपतंच आहे. मधोमध नव्या कोटात मी उभा. कोट बाबांनी शिवून घेतला होता, इंग्रजी पद्धतीचा. अकोल्याच्या उकाड्यात त्या कोटात उभं राहणं हाच एक धर्मासाठीचा छळ होता.

पाळकसाहेब वयस्क आणि माझ्याइतकेच दमलेले होते. त्यांना दुपारच्या गाडीने मूर्तिजापूरला दुसरं लग्न लावायला जायचं होतं. त्यांनी गीत जाहीर केलं आणि खिशातलं घड्याळ काढलं.

पेटीने सूर धरला. त्याच क्षणी ढोलकीवर थाप पडली.

पहिल्या ओळीपर्यंत दोन्ही बाजूंना वाटलं, समोरच्याची चूक होते आहे, आता थांबेल. दुसऱ्या ओळीला बाबांनी आणि दावीदरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तिसऱ्या ओळीपासून जे सुरू झालं, त्याला गाणं म्हणायचं तर बैलांच्या झुंजीलाही संचलन म्हणावं लागेल! थांबेल तो हरला, एवढंच सगळ्यांना कळलं होतं. अमरावतीचे चौघे एकेक शब्द असा ओढत होते, की त्यांचं दुसरं कडवं संपेना. अकोल्याच्या मेळ्याने तेवढ्यात सातही कडवी उरकली. मग समोरचे अजून गाताहेत असं पाहून दावीदराव गरजले, "पुना पहिल्यापासून! घ्या माय, जोरात घ्या!" आणि मेळ्याने नव्या दमाने पहिलं कडवं उचललं. मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी बाजू घेतल्या. पुढच्या बाकांवरच्या पाहुण्यांनी कान झाकले. गीत देवासाठी आहे, हे त्या वेळी कोणाला आठवत असेल तर ते फक्त देवालाच!

पाळकसाहेबांनी हात वर केला. कोणी पाहिला नाही. दोन्ही हात वर केले. अकोल्याच्या बायांना वाटलं, आणखी मोठ्याने म्हणा असं सांगताहेत. शेवटी त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, एक सुस्कारा सोडला आणि त्या गदारोळातच लग्न लावायला घेतलं. माझ्या कानाशी तोंड आणून त्यांनी मला प्रश्न विचारला. "होय!" मी ओरडलो. तो होकार मलाही ऐकू आला नाही.

मग ते मार्थाकडे वळले. आणि नेमका तेव्हाच पायपेटीच्या भात्याचा पट्टा तटकन तुटला.

पेटीने एक लांब उसासा टाकला आणि ती गप्प झाली. काय झालं ते पाहायला ढोलकीही थांबली. भरल्या देवळात अशी शांतता पसरली, की पाळकसाहेबांचा कुजबुजता प्रश्न शेवटच्या बाकापर्यंत गेला, "या पुरुषाचा पती म्हणून तू स्वीकार करतेस काय?"

मार्थाने पदर सावरला.

"आधी यायले विचारा," ती म्हणाली, "यायनं कोनाकोनाले काय काय कबूल केलं हाय!"

बाबा उठले. "मला सांगितलं होतं, ढोलकी पंगतीत वाजणार!"

"आन मले म्हने पेटी निसती आत येतानी!" दावीदराव फेट्यासकट पुढे आले. "मंग तुमी मानले नव्हते?"

"मी? छे! तुम्ही मानलात, असं मला सांगितलं."

"मी कायले मानतो बापा!"

सोयरीक ठरल्यापासून हे दोघे प्रथमच एकमेकांशी बोलत होते. एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबवेना. मी कोणत्या वारी काय सांगितलं, हे ते एकमेकांशी ताडून पाहू लागले. पाचव्या मिनिटाला बाबांचा हात दावीदरावांच्या खांद्यावर होता. दावीदराव म्हणत होते, "मले पयलेच शंका होती, याहीसाहेब. पोरगं लई गोड बोलते." आणि बाबा म्हणत होते, "घरातही असंच आहे हो, लहानपणापासून." भाता दुरुस्त करायला दावीदरावांनी स्वतःच्या चपलेचा पट्टा काढून दिला. दोन चालींचं भांडण मिटवायला मी महिनोन्‌महिने बडनेऱ्याला बसलो होतो. ते मिटायला दोघांचं फक्त माझ्याविषयी एकमत व्हायला हवं होतं.

"झालं तुमचं बोलून?" मार्था म्हणाली. "मंग विचारा आता मले."

पाळकसाहेबांनी विचारलं. ती हो म्हणाली, स्वच्छ आणि एकदाच.

मग पाळकसाहेबांनी घड्याळ खिशात टाकलं आणि ते माझ्याकडे वळले.

"वराचा होकार मला ऐकू आला नाही."

"होय," मी म्हणालो. आणि इतक्या महिन्यांच्या सवयीने आधी बाबांकडे पाहिलं, मग दावीदरावांकडे.

"हा कोणाला दिलात?" पाळकसाहेबांनी शांतपणे विचारलं.

तिसऱ्या वेळी बाबा एका बाजूला आणि दावीदराव दुसऱ्या बाजूला, असं दोघांनी मला दंडाला धरून मार्थासमोर उभं केलं, आणि मी तिच्याकडे पाहून पुन्हा होय म्हणालो. मंडळीतल्या बाकीच्यांची लग्नं एका होकारावर लागली. माझ्याकडून तीन घेतले, आणि मार्था त्यांतला एकही अजून पक्का धरत नाही.