बिनपायाची भिंत

आमच्या घरात एक भिंत होती आणि भिंतीपलीकडे माझा थोरला भाऊ राहायचा. दोघंही माझ्याशी बोलत नसत. भिंतीबद्दल माझी तक्रार नव्हती.

अबोल्याचं कारण आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसायचं ते एकदाच हसून घ्याल. वाटणी अगदी गोडीगुलाबीने झाली. धानाच्या बांध्या वाटल्या, बैल वाटले, भांडी वाटली. राहिला फक्त बैठकीतला छताचा पंखा. तो खोलीच्या बरोबर मधोमध, आणि नवी भिंत त्याच्या बरोबर खालून जाणार. मी म्हटलं, "दादा, तू मोठा, तू घे." दादा म्हणाला, "तू लहान, तू घे." मी म्हटलं, तुला उकाडा सहन होत नाही. तो म्हणाला, तुझी लेकरं लहान आहेत. असा बराच वेळ आम्ही एकमेकांवर मायेचा भडिमार केला. शेवटी दादा वैतागला. "घे न बे, मी देऊन राहिलो तं!" मी म्हटलं, "तू कोन देनारा?" झालं. पंखा लाखनीला बहिणीकडे गेला आणि आम्ही दोघं भाऊ उकाड्यात राहिलो.

तेव्हापासून एक नियम आपोआप लागू झाला: जो आधी बोलेल, तो हरला. दादा शेतावर जाताना माझ्या दुकानासमोरून जायचा, तेव्हा आम्ही दोघंही आभाळाकडे पाहायचो. शेतकऱ्याने आभाळाकडे पाहणं समजण्यासारखं आहे. खत-बियाण्यांच्या दुकानदाराला वर काय सापडतं, असा प्रश्न गिऱ्हाइकांना पडायचा. अख्ख्या कारधा गावाला हा सामना ठाऊक होता. पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता लोक विचारायचे, "काय जी, कोन बोल्ला?" मी अभिमानाने सांगायचो, "अजून कोनी नाही." आमच्या बायका मात्र मागच्या आवारात रोज भाजीच्या वाट्या बदलायच्या. त्यांना या अबोल्यात आम्ही घेतलंच नव्हतं.

आणि मग भिंतीला तडा गेला.

आधी केसाएवढा. मग त्यात सुपारी अडकेल एवढा. मग दादाच्या घरातल्या कॅलेंडरवरची एकादशी मला माझ्या खुर्चीतून दिसू लागली. आमच्याकडे टीव्ही बिघडला तर बायको तड्याजवळ पाट घेऊन बसायची आणि तिकडची मालिका इकडे ऐकायची. जमिनीवर लिंबू ठेवलं की ते रमतगमत भिंतीकडे निघायचं. भिंत माझ्या बाजूला कलली आहे, असं माझं मत होतं. ती त्यांच्या बाजूला कलली आहे, असं दादाचं मत होतं आणि तेही मला तड्यातून नीट ऐकू यायचं.

"भीत पडली तं तुम्ही दोघं आमनेसामने बसान," बायको म्हणाली. "मंग बोलाच लागन."

भिंत अंगावर पडेल याची भीती होतीच. पण खरी धडकी याची भरली, की ती पडेल त्या क्षणी दचकून पहिला शब्द माझ्याच तोंडून निघेल. इतक्या वर्षांची तपश्चर्या विटांखाली जाईल. म्हणून मी ठेकेदार शोधायला निघालो.

पहिला पुलापलीकडून, भंडाऱ्याहून आला. त्याने अंगणातूनच घराकडे पाहिलं, काळा चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "पाडून टाका." कोणता भाग, विचारलं तर म्हणाला, "सारंच." दुसऱ्याने तड्यात पुट्टी भरली, वर गुलाबी रंग दिला आणि दोन्ही हात जोडून गेला. पंधरवड्याच्या आत तडा परत आला, आता गुलाबी कडांसह. तिसरा लाखनीचा. त्याला मी जन्मात विसरणार नाही.

देह असा, की दारातून आधी पोट यायचं आणि मागून ते स्वतः. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, रात्री नाटकं होतात. त्या नाटकांत हा राजा व्हायचा, आणि अंगात शिरलेला राजा इतर ऋतूंतही उतरत नसे. त्याने माझ्या बैठकीत लोखंडी पहार उचलली आणि जमिनीवर आपटली. ढब्ब! एखाद्या रिकाम्या कणगीवर थाप मारावी तसा आवाज. पुढे सरकून पुन्हा. ढब्ब! मग डोळे मिटून, हात उंचावून त्याने घोषणा केली, "पोकळ! खाली सारं पोकळ आहे जी!"

तो नाटकी असला तरी खोटा नव्हता. नदीचा शेजार म्हणून वडिलांनी जोतं छातीइतकं उंच घेतलं होतं. आत मुरूम-माती भरली आणि वर सळ्या टाकून जाडजूड कोबा केला. पुढे एका पुरात वैनगंगा गावात शिरली, आमच्या जोत्यातही शिरली, आणि जाताना मागच्या बाजूच्या भगदाडातून बराचसा भराव सोबत घेऊन गेली. उरल्यासुरल्या मातीत घुशींनी घरं केली. वरचा कोबा तसाच अधांतरी. त्यावर आमची घरं, आमच्या खाटा, आमचा अबोला.

"दोन्हीकून फोडून खाली पाहा लागन," ठेकेदार म्हणाला. "मोठ्या भाऊले विचारून घ्या."

"तुम्ही विचारा."

"काहून? हे काय, भीतीपल्याड त बसले आहेत."

"बसू द्या. तुम्ही विचारा."

राजाच्या चेहऱ्यावर हळूहळू प्रकाश पसरला. आपल्याला मजुरीत दूताची भूमिकाही मिळाली आहे, हे त्याला कळलं. तो माझ्या फाटकातून बाहेर पडला, रस्त्यावरून चार पावलं चालला आणि दादाच्या फाटकातून आत शिरला. मी आणि बायको तड्याजवळ बसून ऐकत होतो.

"लहाने भाऊ विनंती करून राहिले," त्याने सुरुवात केली.

मी विनंती केली नव्हती! मी जागेवर उसळलो, पण तोंड दाबून धरलं.

"त्याले सांगजा," दादाचा आवाज आला, "फोडाचं त फोड. पन पहिलं भोक माह्याकडे पडन. मी मोठा हावो."

ठेकेदार परत आला, घाम पुसला, आणि जे मी कानांनी ऐकलं होतं तेच मला पुन्हा करून दाखवलं, दादाच्या आवाजात, दादासारखी मान हलवून, वर दादाने न घेतलेला एक उसासाही टाकून. मी उत्तर दिलं. तो पुन्हा गेला. दर फेरीला इकडे चहा, तिकडे चहा. पायाचं काम अजून सुरू व्हायचं होतं आणि माणूस साखरेने जड झाला होता. शेवटी तह झाला: दोन भोकं, एकाच वेळी, एकाच मापाची.

त्याच्या मजुरांनी कोबा फोडला, खाली जागोजागी लाकडी बल्ल्यांचे टेकू दिले, पोटावर सरकत सगळं पाहून घेतलं. स्वतः ठेकेदार भोकात मावण्याचा प्रश्नच नव्हता. तो वर उभा राहून "काय दिसते रे?" असं विहिरीत ओरडावं तसा ओरडत होता. संध्याकाळी त्याने मला निकाल सांगितला, इतक्या मोठ्याने की दादाकडे वेगळं जायची गरज उरली नाही.

"बाहेरच्या भीती मजबूत आहेत. पन या मधातल्या भीतीले पायाच नाही जी! तुम्ही दोघा भावांनं थे कोब्यावरच उभी केली. तिच्या वजनानं कोबा बसून राहिला. आता दोन रस्ते. एक त तिच्या खाली पाया भरा. नाही त..." इथे त्याने आवाज खाली आणला, हात छातीवर ठेवला, "...थे पाडून टाका. घर एक करा."

हा संवाद तो वाटेतच पाठ करून आला असणार. मी म्हटलं, बघतो.

खरोखरच बघायचं ठरवलं. ठेकेदाराच्या शब्दावर घर कसं सोपवायचं? दुसऱ्या दिवशी दुपारी तो आणि मजूर जेवायला गेले तशी मी बनियनवर आलो, मोबाइलची बॅटरी लावली आणि भोकात उतरलो. माझंही पोट काही राजाच्या पोटापेक्षा फार मागे नाही, पण श्वास सोडल्यावर निभावलं. खाली ओल्या मातीचा आणि कुबट भाताचा वास. घुशींनी ओढून आणलेल्या लोंब्या, कोळ्यांची जाळी, कधीची हरवलेली एक करंडी. कोपरांवर सरकत सरकत मी भिंतीखाली पोहोचलो आणि समोर उजेड दिसला.

उजेडामागे दादाचं तोंड होतं.

मी असा दचकलो, की डोकं वरच्या कोब्यावर आपटलं. "आई वो!" निघून गेलं तोंडातून. तोही बनियनवर, तोही पोटावर, कपाळाला जाळं चिकटलेलं. वाळत टाकलेल्या दोन मासळ्यांसारखे आम्ही समोरासमोर पडून होतो आणि एकमेकांच्या डोळ्यांत बॅटऱ्या मारत होतो. तो हलेना, मीही हलेना. मागे सरकणं म्हणजे माघार. बोलणं म्हणजे हार. आभाळाकडे पाहावं, तर वर आमचीच भिंत.

तेवढ्यात डोक्यावर बायकांचे आवाज आले.

"आमचे कोठी गेले काय मालूम," वहिनी म्हणत होती.

"आमचे पन दिसून नाही राहिले," माझी बायको. "बसले असन कोठीतरी तोंड फुगवून."

"बाया तरी इतक्या रुसत नाहीत, नाही व?"

"नाही बाई. आपल्याले कामं राह्यतात."

दोघी खदखदून हसल्या. मी दादाकडे पाहिलं. त्याचे गाल हलत होते. त्याने ओठ घट्ट मिटले. मीही मिटले. आणखी क्षणभर, आणि आम्ही दोघंही फुटलो असतो. पण दादाचे डोळे अचानक माझ्या हातावर थांबले.

"इचू!" तो म्हणाला. "हात नोको हालवू बे!"

माझ्या मनगटाजवळ, नांगी उभारून, चांगला काळाभोर विंचू. दादाने मजुरांनी विसरलेली थापी उचलली आणि एका फटक्यात त्याचं काम संपवलं. मग आम्ही दोघं तसेच धापा टाकत पडलो.

"चावला काय?"

"नाही."

"तुले कोनं सांगतलं होतं इथी याले? वय पाय आपलं."

"तू काय लेकरू आहेस काय?"

गाडी सुरू झाली. बॅटरीच्या उजेडात आम्ही भिंतीचं बूड पाहिलं. कोबा खाली वाकला होता, सळ्या उघड्या पडल्या होत्या. ठेकेदाराचं बरोबर होतं. इथे दगड हवा, तिथे आडवी बीम हवी, हे भगदाड आधी बुजव. वर रणरणतं ऊन, खाली छान गारवा. आम्ही निघायचं नावच घेईना. बायकांना जमिनीतून पुरुषांचे आवाज ऐकू आले तेव्हा त्या किंचाळल्या. मग वहिनी भोकाशी वाकून म्हणाली, "दोघंही तेथीच राहा आता. जेवन सोडतो दोरीनं."

ठेकेदार जेवून आला तेव्हा आम्ही दोघं मातीने माखलेले, अंगणात एकाच खाटेवर बसलो होतो. त्याने एक नजर टाकली आणि त्याला सगळा तिसरा अंक दिसला. डोळे पाणावले. "मंग," तो गहिवरून म्हणाला, "काढू काय घन? पाडू काय थे भीत?"

"कायले?" दादा म्हणाला.

"पाया भरा," मी म्हटलं. "चांगला खोल."

त्याचं तोंड उतरलं. असला शेवट त्याने आयुष्यात कुठल्या मंडईत केला नव्हता. गावही नाराज झालं. पानठेल्यावर लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं तिकीट बुडवलं. पण भिंतीचं काम आम्ही भावांनी ज्या एकोप्याने केलं, तसं कोणतंच काम पूर्वी केलं नव्हतं. दादाने ट्रॅक्टर लावून दगड आणले. मी सिमेंट आणि गज आणले. दोघांनी मिळून ठेकेदाराच्या छातीवर बसून काम करून घेतलं. पाया भरला, मुरूम दाबून भरला, तडा सांधला, दोन्हीकडून जाड गिलावा केला. पूर्ण घरात आता तीच भिंत सगळ्यांत भक्कम आहे. घर पडलं तरी ती उभी राहील.

पंचाईत एवढीच, की सामन्याचा निकाल लागलेला नाही. पहिला शब्द दादाचा, "इचू", हे मी कुठेही शपथेवर सांगायला तयार आहे. दादाचं म्हणणं, त्याच्या आधी मी "आई वो" म्हटलं होतं. मी म्हणतो, ते आईला उद्देशून होतं. तो म्हणतो, आई वारून किती वर्षं झाली, भुयारात आपण दोघंच होतो, म्हणजे मलाच म्हटलं. मी म्हणतो, डोकं आपटल्यावर निघालेलं धरत नाहीत. तो म्हणतो, मग विंचू मारताना निघालेलंही धरत नाहीत.

त्याच्याकडे पाहुणा आला की तो हीच हकीकत सुरू करतो, हरला कोण ते सोयीप्रमाणे बदलून. तडा असता तर मी खुर्चीतूनच खोडून काढली असती. आता भिंत एवढी जाड झाली आहे, की तिकडचं अर्धंमुर्धंच कानावर येतं आणि इकडून ओरडलेलं तिकडे पोहोचत नाही. म्हणून मला उठावं लागतं. माझ्या फाटकातून बाहेर, रस्त्यावरून चार पावलं, त्याच्या फाटकातून आत. परवाही असाच तणतणत गेलो. पाहुणा हसत होता, वहिनी माझा कप भरत होती.

दादाने पायानेच खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"ये, बस," तो म्हणाला. "खोटं बोलून बोलून थकला असशीन."