शेवटचं दार

पंचवटीतल्या माझ्या दुकानात साठीच्या एक बाई जुना कॉम्प्युटर दुरुस्तीला घेऊन आल्या. घासाघीस न करता त्यांनी माझा भाव मान्य केला, तिथेच माझं डोकं फिरलं; गिऱ्हाइकाशी हुज्जत घातल्याशिवाय मला चैन पडत नाही.

दुरुस्तीनंतर त्यांनी एका बोटाने टाइप करत एक खेळ सुरू केला. ओसाड अंतराळयान, कॅप्टन बेपत्ता. शेवटच्या दारावर यंत्रमानवाने विचारलं, "आत सोडलं तर काय देशील?" बाई थांबल्या. मीच पुढे होऊन टाइप केलं, "काही नाही."

दार उघडलं! पडद्यावर चार ओळी आल्या.

"उत्तर मला माहीत होतं, भाऊ," बाई म्हणाल्या. "खेळ आमच्या ह्यांनी लिहिलाय. ते गेल्यावर त्यांच्या या शेवटच्या ओळी तेवढ्या न वाचता राखून ठेवल्या होत्या."

मी हबकलोच. पण राग अजून आहे. टाइप करण्याआधीच माझा हात धरायचा होता की!