फळीची मागची बाजू

माझी बायको शेवंती गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या खाली औषधाच्या दुकानात रांगेत उभा होतो. वर आलो तर नर्सनं पडदा ओढलेला. त्या दिवशी मी तिला एक गोष्ट सांगणार होतो. सकाळपासून मनात घोळवत होतो, आधी औषध आणू, मग बोलू म्हटलं… राहिलं. सात आठवडे झाले. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही, पण हे पोटात ठेवून मला घरात बसवत नाही.

मी गोरेगावला सिनेमाच्या स्टुडिओत सुतार, सेट उभारणारा सेटिंगवाला. शेवंती मढची, कोळ्याची पोर. लग्न करून तिला चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आणली. खिडकी एकच, तिच्यातून दिसायची शेजारची भिंत. समुद्राकाठची बाई भिंतीकडे तोंड करून भात ढवळायची, ते मला दिसायचं. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला एका पिक्चरमध्ये हिरोइन फळीवर उभी राहून लाटेवरून येणार होती. पोहणारी डुप्लिकेट पाहिजे होती. मीच फाइट मास्टरला म्हटलं, माझी बायको आहे.

नुसतं उभं राहणं तिला चार दिवसांत जमलं. मास्टरला पुढचं पाहिजे होतं. फळी लांब, नऊ फुटी. लाट मागून चढली की उभ्या उभ्या चालत पुढच्या टोकाला जायचं आणि पायाची दहाही बोटं टोकाबाहेर काढायची. पाय घासायचे नाहीत, एकापुढे एक कातरीसारखे टाकायचे. फळीच्या शेपटीवर लाटेचं पाणी बसलं की तेच वजन पुढच्या माणसाला तोलून धरतं, त्याआधी निघालात तर टोक बुडलं. हे चालणं शेवंती खोलीत शिकली. साडी खोचून, लाद्यांची एक ओळ धरून, दारापासून स्टोव्हपर्यंत. मी खाटेवर पाय वर घेऊन बसायचो, नाहीतर तिला जागा कुठली. शेजारीण दारातून म्हणायची, "काय गं, नवऱ्यानं नाचायला लावलं?" शेवंती न थांबता म्हणायची, "लावलं ना. तुझा लावतो का?"

परदेशी फळी एकच होती, ती शूटिंगसाठी जपलेली. सरावाची मी बनवली, प्लायवूडची, आतून पोकळ. आम्हा सेटिंगवाल्यांना एक खोड असते, कॅमेऱ्याला दिसतं तेवढंच काम. महालाची भिंत पुढून संगमरवरी, मागून उघडी चौकट. तशीच ही फळी झाली. वरून निळ्या ऑइलपेंटचे तीन हात, खालून बिनरंगाचं कोरं लाकूड. कपट नव्हतं त्यात, हाताला वळणच तसं. ती घेऊन महिनाभर शेवंती मढला माहेरी सराव करायची, धाकटी बहीण मंगल सोबत असायची.

मास्टरनं बघायचा दिवस आला. लाट चांगली चढली, शेवंती उठली, एक, दोन, तीन… झकास चालली. शेवटचं पाऊल टाकलं आणि टोक सरळ पाण्यात. फळी उसळून तोंडावर आली, पुढचा दात गेला. मास्टर म्हणाला, बाईमाणसाचं काम नाही, आणि एका गड्याला विग घालून शॉट उरकला. मी फळी वाळूवर ओढली तेव्हाच कळलं. उचलवेना. खालचं प्लाय फुगलेलं, सांधे सुटलेले, आत पाणी खळखळत होतं. तेच पाणी टोकाकडे धावलं होतं.

मी बोललो नाही. स्टुडिओत माझी वाट लागली असती, हे एक. दुसरं, खरं सांगतो, मला बरंच वाटलं. ओल्या कपड्यातल्या बायकोला चार गडी बघतात अशी चाळीत कुजबुज चालू झाली होती. तिनं दुसरी फळी मागितली. "अहो, एकदाच." मी म्हटलं, दात गेला तेवढा पुरे. मग मुलं झाली, समुद्र राहिला तो राहिलाच. कोणी दाताचं विचारलं की ती हसून सांगायची, "शेवटचं पाऊल चुकलं माझं." मी तिथेच असायचो, बशीत बघत चहा प्यायचो.

तेराव्याला सगळे उठून गेल्यावर मी मंगलला सांगून टाकलं.  ती म्हणाली, "भावोजी, ताईला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी सुजलेलं तोंड घेऊन तिनंच फळी उलटी केली. बोट लावलं तर लाकूड हातात आलं."

मी म्हटलं, मग पाऊल चुकलं असं का सांगायची?

"आमच्यात असं कधीच म्हणाली नाही. तुमच्यासमोरच म्हणायची."

परवा शेजाऱ्यांची नवी सून फोटोला हार घालायला आली. फोटोत शेवंती तोंडभर हसतेय, पुढच्या दाताची फट दिसते. त्या पोरीनं विचारलं, आजींचा दात कशानं गेला? मी म्हटलं, माझ्यामुळे. मग सगळं सांगितलं, लाकूड, रंग, चाळ, सगळं. बोललो की सुटल्यासारखं होईल असं वाटलं होतं… नाही झालं. पोरगी बिचारी मान हलवत होती. जिनं ऐकायला पाहिजे होतं ती भिंतीवर.