शिंगाची मूठ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो बिचारा मला भली बाई समजूनच गेला. मुलींना नाही. देवाला सांगावं तर सगळं त्याच्या पाटासमोरच घडलेलं, त्याला नव्यानं काय सांगणार? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझं तोंड बघत नाही आणि मला तुमचं बघावं लागत नाही.

पिस्तुलाची गोष्ट नातवंडांना माहीत आहे. म्हणजे अर्धी. आजी लालबागच्या चाळीत बसून पिस्तुलं सजवायची, हे सांगितलं की पोरं डोळे मोठे करतात. धाकटा तर मित्रांना घेऊन येतो. मग मी रंगात येते, हातवारे करते, पोरं पोट धरून हसतात. उरलेली अर्धी मी गिळते. रोज थोडी गिळते म्हणा — आणि ती पोटात काही राहत नाही, पुन्हा घशाशी येते.

तर, आधी हसण्याची अर्धी.

माझे बाबा फौजेतून सुटून गिरणीच्या फाटकावर जमादार झाले. लढाईच्या दिवसांतल्या एका साहेबानं त्यांना जाताना एक पिस्तूल दिलेलं. परवान्याचं, एक गोळी सुटली की दुसरी आपोआप जागेवर येणारं. त्या पिस्तुलानं आमच्या घरात एक झुरळही मारलं नाही. गोळ्या पेटीत कुलपात, आणि किल्ली बाबांच्या जानव्याला. पण दर रविवारी जेवण झालं की बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरत, पिस्तूल सोडवत, पुसत, तेल देत. मी समोर मांडी घालून. मुलगा नव्हता त्यांना, मीच होते — अठरा वर्षांची, दोन वेण्या आणि अक्कल एकीतही नाही.

मुठीवरच्या दोन्ही पट्ट्या तडकल्या होत्या. बाबा म्हणाले, "इंदू, तुझा हात बरा आहे, बघ जमतंय का." झालं! कानस, काचकागद, आजोळच्या फणसाचा एक तुकडा — आठ दिवसांत मी पिवळ्याधमक पट्ट्या करून बसवल्या. मग मला चटकच लागली. त्यावर वेल कोरली. ती आवडेना, मग शिसवी केल्या. मुठीच्या कडीला रेशमाची दोरी विणली, तिला गोंडा लावला. पिस्तुलाला गोंडा! बाबांनी तो पाहिला आणि म्हणाले, "आता हिला नथ तेवढी घाल आणि स्थळ बघ." बायका स्वेटर विणत, मी पिस्तूल नटवत होते. किती अभिमान होता मला त्याचा. आज ती मुलगी समोर आली तर — तर काय? कानाखाली द्यावीशी वाटते, पण हातही लावावासा वाटत नाही.

मग रद्दीच्या दुकानात एका इंग्रजी मासिकात मी चित्र पाहिलं. पिस्तुलाला म्हशीच्या शिंगाची मूठ. काळीभोर, आत धुरासारखी एक रेघ. तीन रात्री मला झोप नाही. शिंग हवं.

आता कमळबद्दल सांगायला हवं. टाळत होते, कळलं असेल तुम्हाला.

कमळ समोरच्या चाळीत, तळमजल्यावर राहायची. तिची आई गिरणीत कामाला, वडील नव्हते. आदल्या वर्षी त्यांच्या घरानं दीक्षा घेतली होती, भिंतीवरचे देव उतरवून तिथे बुद्धाची तसबीर लावली होती. आमच्या अख्ख्या आवारात मॅट्रिक झालेली मुलगी एकच, ती कमळ. दुपारी आमच्या चाळीच्या जिन्याखाली सतरंजी टाकून ती पोरांना शिकवायची. चाळीतल्या बायका, ज्या तिच्या घरचं पाणी प्यायल्या नसत्या, त्याही आपली पोरं पाठवायच्या, कारण कमळकडे गेलं की पाढे येत. त्या शिकवणीवर ती पुढे मास्तरीण व्हायचं बघत होती.

आणि ती माझी मैत्रीण होती. संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं. आम्ही दोघी पत्रकं वाटायचो, प्रभातफेरीत एका फळीत चालायचो, तिच्या चुलीवर खळ शिजवून परळपर्यंतच्या भिंती कागद चिकटवून भरून टाकायचो. 'मुंबईसह' म्हणताना माझा गळा तिच्यापेक्षा मोठा लागायचा. सगळे मराठी एक! मी ओरडायचे, मनापासून ओरडायचे. खोटं नव्हतं हो ते. हीच तर किळस आहे — ते खोटं नव्हतं.

एका दुपारी ती खळ ढवळत होती आणि मी, अगदी सहज, मीठ मागावं तसं म्हटलं, "कमळ, मला म्हशीचं शिंग हवंय गं. तुमच्यातलं कुणी आणून देईल ना?"

तिचा हात थांबला.

"तुमच्यातलं म्हणजे कुणातलं, इंदू?"

मी हसले. हसलेच मी! तिनं वर पाहिलं नाही.

"मेलेली ढोरं ओढायचं काम माझ्या आज्यानं सोडलं, तेव्हा माझी आईसुद्धा लहान होती. शिंग आमच्या घरात नाही. तुमच्या घरात असेल, बघ. पातेलं धर, खळ करपतेय."

बस, एवढंच. त्यानंतर आम्ही चिंचपोकळीपर्यंत कागद चिकटवले, ती नेहमीसारखी बोललीही. आणि मला? मला राग आला. मला! मी एवढी हिच्या घरात बसते, हिच्या हातचा चहा पिते, आणि ही मला ऐकवते? त्या वयात मला वाटायचं की तिच्या हातचा चहा पिऊन मी तिच्यावर काहीतरी उपकार करते आहे. लिहितानाही तोंड कडू होतं.

शिंग मी स्वतः आणलं. भायखळ्याला एक म्हातारा फण्या करायचा, त्याच्याकडून तासून सपाट केलेले दोन तुकडे विकत घेतले. गच्चीवर बसून घासले. शिंग घासताना जळक्या केसांसारखा वास येतो, नखात बसतो, जेवताना येतो. आईला सांगितलं, शिसवी लाकूड आहे. आई म्हणाली, "छान काळं आहे गं." बाबांना माहीत होतं का? वाटतं, होतं. पण बाबांचं बाबांपाशी, हा कबुलीजबाब माझा आहे.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली हत्यारं पाटावर मांडून पुजायची. आईची विळी, बाबांची कात्री, माझी कानस, आणि मधोमध झेंडूच्या माळेत पिस्तूल, नव्या काळ्या मुठीचं. गिरगावहून आत्या आली होती. आरती सुरू झाली. आईनं कापराची आरती जरा जास्तच जवळून ओवाळली, ज्योत मुठीला चाटून गेली, आणि ऐन आरतीत तो वास सुटला.

आरती थांबली. आत्या कोकणातून थेट गिरगावात उतरलेली, तिला असले वास कळायचे. ती खाली वाकली.

"अगो, ह्या शिंग आसा! देवाच्या पाटार? खंयसून हाडलंस गो ह्या?"

आईचा चेहरा मी कधी विसरणार नाही. उलटी व्हावी तसा झाला होता. आणि तिच्या मागे भिंतीवर, आरशाखाली, तिची रोजची फणी लटकत होती. शिंगाची. मला दिसत होती ती. एक वाक्य बोलायचं होतं — आई, त्या भायखळ्याच्या म्हाताऱ्याकडून आणलं, जिथून तुझी फणी आली. फार तर एक थप्पड बसली असती. दोन बसल्या असत्या.

मी म्हटलं, "कमळनं दिलं. तिनं लाकूड म्हणून दिलं."

कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावलं की घाबरून तोंडातून निघालं. अठरा वर्षांची पोर, आई अंगावर आलेली, जे सुचलं ते बोलली. असं म्हटलं की बरं वाटतं, नाही? पण घाबरलेलं माणूस कुणाचंही नाव घेतं. मी भायखळ्याच्या म्हाताऱ्याचं घेतलं नाही. दुकानाचं घेतलं नाही. मी ते नाव घेतलं, ज्यावर कुणी 'खरं का?' म्हणून विचारणारच नव्हतं. मला ते ठाऊक होतं. क्षणात ठाऊक होतं. आणि आत कुठेतरी बारीकशी मजाही वाटली — आता बोल म्हणावं, 'कुणातलं, इंदू?' — हो, वाटली. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आईनं पट्ट्या काढायला लावल्या. मीच काढल्या, माझ्याच हातांनी. तिनं त्या सांडशीत धरल्या आणि आवार ओलांडून समोरच्या चाळीत गेली. मागून आत्या, मागून मी. गॅलरीत बायका जमल्या. आईनं ते तुकडे कमळच्या उंबऱ्यावर टाकले.

"धर्म बदललात ना? मग धंदा का नाही बदलत? माझ्या पोरीच्या हातात घाण देता ती, सणाच्या दिवशी?"

कमळची आई पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिला काहीच कळेना. ती ते तुकडे उचलायला वाकली, नुसतं काय आहे ते बघायला, आणि आतून कमळचा आवाज आला, "आये, हात लावू नको त्याला."

मग कमळ दारात आली. माझ्या आईकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलं.

"इंदू, तू सांग."

रागानं नव्हे. पोरांना पाढा विचारायची, तशी. येतंय तुला, म्हण.

आणि मी — आवारातल्या सगळ्या बायका ऐकत असताना — म्हटलं, "तूच दिलंस ना, कमळ."

तिनं मान हलवली. 'हो' म्हणून नव्हे. कळलं, म्हणून. आणि आईचा हात धरून ती आत गेली. बाबा मागून आले, त्यांनी वाकून ते दोन्ही तुकडे उचलले, खिशात टाकले आणि म्हणाले, "चला वर."

दुसऱ्या दिवशी दसरा. त्यानंतरच्या दिवशी दुपारी कमळ जिन्याखाली आली, सतरंजी अंथरली, पाट्या मांडल्या. एकही पोर आलं नाही. तिनं घरोघर जाऊन विचारलं नाही, आरडाओरडा केला नाही. बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी वरून कठड्यातून बघत होते. चौथ्या दिवशी तिनं सतरंजी झटकली, घडी केली, आणि परत कधी आमच्या चाळीत पाय ठेवला नाही. प्रभातफेरीतही ती मागच्या फळीत गेली, तिच्या आळीतल्या बायकांबरोबर. मी पुढेच होते. पुढे कोण असणार? माझा गळा मोठा ना.

आणि त्या चार दुपारी मी वर काय करत होते, विचारा. पट्ट्या. पिस्तुलाची मूठ उघडी बरी दिसत नव्हती, म्हणून मी पुन्हा फणसाचं लाकूड तासायला घेतलं होतं. खाली ती रिकाम्या सतरंजीसमोर बसलेली, आणि वर मी काचकागदानं कडा गोल करत होते. चांगल्या झाल्या होत्या. आजवर केलेल्यांत सगळ्यांत चांगल्या. शी!

पुढे तिनं दुसरीकडे शिकवणी काढली, शिकत राहिली, मुख्याध्यापिका झाली. पण हे माझ्या पदरात घालू नका, मीही घालून घेत नाही. ती मोठी झाली ती माझ्यामुळे नव्हे, मी असूनसुद्धा.

खूप वर्षांनी दादरला भाजी घेताना ती मला भेटली. केस पांढरे, काठाची साडी, बरोबर नात. तिनं मला ओळखलं. नातीला म्हणाली, "ह्या इंदूबाई. आम्ही समोरासमोरच्या चाळीत राहायचो." मैत्रीण म्हणाली नाही. मी घाईघाईनं गुडघे, मुली, जावई, सगळं बोलून टाकलं. ती ऐकत होती. मग नातीच्या हातात पिशवी देऊन तिला दोन पावलं पुढे जायला सांगितलं आणि माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काही बोलायचंय का तुम्हाला?"

तुम्हाला! मला तिनं अहो-जाहो केलं.

किती सोपं करून दिलं होतं तिनं. नातीलासुद्धा दूर पाठवलं. माझं वय तेव्हा साठीच्या पलीकडे. आई गेलेली, आत्या गेलेली, चाळ पाडलेली. भीती कुणाची होती? मी म्हटलं, "नाही हो, सहज. मेथी कशी दिली ते बघत होते."

"बरं," ती म्हणाली, आणि गेली.

मागच्या वर्षी तिच्या निधनाची बातमी वर्तमानपत्रात आली. फोटोसह. मी चष्मा लावून दोनदा वाचली आणि पान उलटलं. तिच्या घरी गेले नाही.

आता लिहिते आहे. आता, म्हणजे ती वाचू शकणार नाही याची खात्री झाल्यावर. उशीर झाला असं मी म्हणणार नाही. उशीर होतो तेव्हा माणूस वाटेवर असतं. मी वाटेवर नव्हते. मी थांबले होते, ती जाईपर्यंत.