दोन हात लांब

त्या वर्षात चांगुणाच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा कुठला शब्द निघाला असेल, तर तो 'लांब'. लांब बसा. लांब उभे राहा. म्हाताऱ्याला लेकरापासून लांब झोपवा. शेवरवाडीत ती आशा होती, म्हणजे गावाच्या दुखण्याखुपण्याची पहिली खबर तिच्याकडे यायची. कोरोना आल्यापासून घरोघर जाऊन ताप बघणं, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघणं आणि पुण्या-मुंबईहून कोण आलंय ते वहीत लिहिणं, हे तिचं रोजचं काम झालं. अंगणात शिरण्याआधी ती दोन्ही हात आडवे पसरून दाखवायची. "एवढं. दोन हात." गावातली पोरं तिची नक्कल करायची, आणि तीही हसायची.

तिचं माहेर सिद्धेश्वर धरणाकडचं. दहावी दुसऱ्या फेरीत सुटली आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन ती वसमतपासून अकरा किलोमीटरवरच्या या गावात आली. नवरा रविंद्र वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य-हळदीच्या बाजारात, हमाल. हळदीच्या दिवसांत त्याचा डावा खांदा महिनोन् महिने पिवळा राहायचा, साबणालाही दाद द्यायचा नाही. आशाचं काम मिळालं तेव्हा सुरुवातीला मारुतीच्या गल्लीतल्या बायका तिला पाहून दार लोटून घ्यायच्या. पुढे एकेकीच्या बाळंतपणाला तीच दवाखान्यात सोबत गेली आणि दारं उघडी राहू लागली. गावातल्या बारा वर्षांखालच्या बहुतेक लेकरांचं पहिलं वजन तिनं केलेलं होतं.

कोरोनात तिनं आपल्या घरातही एक रेघ ओढली. जून महिन्यापासून ती बाहेरच्या पडवीत झोपायची. तिची थाळी वेगळी, तांब्या वेगळा, पांघरूण वेगळं. फिरून आल्यावर घरामागं अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. मुलगी निलम सहावीत होती. तिची वेणी आता रविंद्र घालायचा, आणि पोत्याचं तोंड आवळावं तशी आवळून बांधायचा. निलम म्हणायची, "पप्पा, मी हळद न्हाई." चांगुणा पडवीतून बघायची. उठून ती वेणी सोडावी आणि पुन्हा नीट घालावी, असं तिला रोज वाटायचं.

जानेवारीत हुकूम आला, की सत्तावीस तारखेपासून पाचवी ते आठवीच्या शाळा उघडणार, मात्र पालकांचं संमतीपत्र हवं. शेवरवाडीची शाळा सातवीपर्यंतची. मुख्याध्यापक देविदास सरांनी अडतीस कोरी संमतीपत्रं चांगुणाच्या हातात दिली. "ताई, तुम्ही तसंही घरोघर जाता. तुमचं ऐकतात लोक."

लोकांनी ऐकलंही. मास्क राहील, एका बाकावर एकच लेकरू बसेल, दारात ताप बघू, असं ती प्रत्येक ओट्यासमोर उभी राहून सांगत गेली आणि चार दिवसांत पंचवीस सह्या घेऊन आली. अडतीसमधलं एक पत्र मात्र तिनं पिशवीतून बाहेरच काढलं नाही. ते निलमचं होतं.

रविंद्र चिडला. "गावाला सांगून राहिली, पाठवा पाठवा. आन आपली पोरगी घरात. दहा महिने झाले. तुझा फोन तुझ्यासंगं फिरतो, माझा मोंढ्यात. तिनं शिकावं कशावर, चुलीवर?"

"मला शाळेची भीती न्हाई," चांगुणा म्हणाली. "माझीच भीती हाय. मी कुठं कुठं जाते, कोणाच्या तोंडासमोर उभी राहते, मला म्हाईत हाय. माझ्याकडून हिला, हिच्याकडून वर्गाला. उद्या कोण्या लेकराला ताप आला तर मी कोणत्या तोंडानं त्याच्या दारात जाऊ?"

"मी शंभर माणसांत पोते उचलतो, त्याचं काय?"

"तुमी बी लांबच बसत जा," ती म्हणाली, आणि दोघंही थोडी हसली. पण पत्र कोरंच राहिलं.

रविवारी, चोवीस तारखेला, पालकांची बैठक ठरली. शाळेच्या पटांगणात लिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या, आणि बऱ्याच जणांनी त्या ओढून जवळ घेतल्या होत्या. शाळा समितीचे अध्यक्ष अमृतराव उभे राहिले. त्यांच्या टोपीच्या काठाला निवडणुकीतला गुलाल अजून होता.

"मोंढा चालू, लग्नं चालू," अमृतराव म्हणाले. "आठ दिवसांआधी ग्रामपंचायतीचा निकाल लागला, आख्खं गाव एकमेकाच्या गळ्यात पडलं. तवा काय कोरोना वारंगा फाट्यावर चहा पीत बसला होता? शाळेचं नाव काढलं की तुमाला कोरोना दिसतो."

लोक हसले. मिना हसली नाही. मिनाची केतकी निलमच्याच वर्गात होती. सप्टेंबरात मिनाचे सासरे नांदेडच्या दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. त्यांच्या बोटाला चिमटा लावून गाडी बोलावणारी चांगुणाच होती. केतकी आजोबांजवळ झोपायची. तेराव्याला जमलेल्यांपैकी कोणीतरी बोलून गेलं होतं, की म्हाताऱ्याला पोरीनंच दिलं असणार. ते केतकीनं ऐकलं होतं.

"मतदानाला मोठी माणसं गेलती," मिना म्हणाली. "लेकरं शाळेतून कोणाकडं येतेत? घरच्या म्हाताऱ्याकडं. माझ्या सासूला शुगर हाय. पुन्हा काही झालं तर पुन्हा माझ्याच पोरीचं नाव. तुमी घेता का जिम्मेदारी, अमृतराव?"

"मंग काय सातवीपोतर घरीच बसवती का?"

"बसवीन. जित्ती तर राहील."

आवाज वाढले. एकजण म्हणाला, पोरं अभ्यास सोडून दिवसभर मोबाईलवर गेम खेळून राहिलीत. दुसऱ्यानं विचारलं, तुझा मोबाईल, तर पोराच्या हातात देतो कोण? देविदास सर दोन्ही बाजूंना मान डोलवत होते. मग मिनाचा आवाज थोडा खाली आला. ती चांगुणाकडे न बघता बोलली.

"आन एक बोलते, राग मानू नका. ज्यायच्या घरी रोज पेशंट तपासून माणूस येतं, त्यायचं लेकरू वर्गात नको. घ्यायचंच आसल तर लांब बसवा. दाराजवळ."

मागून कोणीतरी म्हणालं, "बराबर हाय." दुसऱ्या कोणी म्हटलं, "लांब बसवायला काय हरकत हाय?"

देविदास सर हातातल्या कागदाकडे बघत म्हणाले, "सुरक्षित अंतर तर सगळ्यांनाच..." मग त्यांनी कागदाची घडी घातली.

चांगुणाचे आजोबा शाळेत शिकले होते, पण वर्गात नाही. दाराबाहेर, पायरीखाली, घरून नेलेल्या पोत्याच्या तुकड्यावर बसून. तिथून फळा अर्धाच दिसायचा. मला डाव्या बाजूचंच गणित येतं, अशी ते म्हातारपणी स्वतःची थट्टा करायचे. ती लहानपणी त्यावर हसलेली होती. आज मिना काय म्हणाली? चांगुणा रविंद्रला जे म्हणाली होती, तेच. आजाराचं बोलली, की दुसरं काही? मागून 'बराबर हाय' म्हणणारा कशाला बराबर म्हणाला? पिशवी उचलून ती घरी आली.

संध्याकाळी रविंद्र मोंढ्यातून आला तो ऐकूनच आला होता. चूळ भरली, थुंकला आणि म्हणाला, "न्हाई पाठवायची. आपल्या पोरीला दाराजवळ बसवायला ती काय चप्पल हाय?"

"पाठवायची," चांगुणा पडवीतून म्हणाली.

"काल तर तूच नको म्हणत होती."

"काल मी नको म्हणत होते. आता ते नको म्हणतेत."

"आन तुझी भीती? तुझ्याकडून वर्गाला?"

"हाय की. ती कुठं गेली."

कालचं भांडण आज जसंच्या तसं उभं होतं, नुसत्या बाजू बदलल्या होत्या. भाकरी थापता थापता रविंद्र तवा आपटत होता, कारण जूनपासून स्वयंपाकही त्याच्याकडेच होता. निलम उंबऱ्याच्या आत बसून ऐकत होती.

"आई," ती म्हणाली, "तू मला शेवटी हात कवा लावला?"

चांगुणानं आठवून पाहिलं. "मिरगाच्या आधी."

"मंग? त्या सगळ्या पोरी आईच्या कुशीत झोपतेत. केतकी तर तिच्या आजीच्या ताटात जेवती. गावात सगळ्यात लांब मीच हाय. माझ्यापासून कोणाला काय होणार?"

रविंद्रनं तवा खाली ठेवला. चांगुणाला पोरीचं म्हणणं पटलं, आणि पटलं म्हणूनच ते ऐकवेना.

मंगळवारी झेंडावंदनानंतर ती देविदास सरांच्या खोलीत गेली. अमृतरावही तिथेच चहा घेत बसले होते. तिनं निलमचं पत्र टेबलावर ठेवलं. त्यावर तिची सही होती, आणि शेजारी रविंद्रचीही, जागा एकाच सहीची असताना.

"सर, लांब बसवा," ती म्हणाली. "माझं काहीच म्हणणं न्हाई. पण सगळ्यायला. बाक मी लावते, माझ्या हातानं मोजून. आन दाराजवळ बाक ठिवू नका, तिथून फळा पुरा दिसत न्हाई."

"ताई, मला दोन्हीकडून बोलणी बसतात हो," देविदास सर म्हणाले.

"तुमच्या पोराला पाठवून राहिले का, सर?"

सरांचा मुलगा वसमतला पाचवीत होता. ते चहाकडे बघत म्हणाले, "त्याच्या आईचं आणि माझं अजून ठरलं नाही."

अमृतराव एकदम हसले. "घ्या. अन् हे गावाची बैठक घेतेत." मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि चांगुणाला म्हणाले, "चल पोरी, बाकाचं एक टोक मी धरतो."

दोघांनी मिळून सहावीचे बाक लावले. प्रत्येक दोन बाकांमध्ये चांगुणा हात पसरून उभी राहायची आणि अमृतराव बाक सरकवायचे. बावीस मुलांच्या वर्गात बाक मावेनात, तेव्हा उरलेले व्हरांड्यात काढले. दाराजवळची जागा मोकळी राहिली. पण उद्या ती नसताना कोण कोणाला कुठे बसवील, हे तिच्या हातात नव्हतं.

बुधवारी सकाळी ती शाळेच्या दारात ताप बघायचं यंत्र घेऊन उभी होती. निलम आली. वेणी नेहमीसारखीच आवळलेली, तिला नवी रिबीन. चांगुणानं यंत्र तिच्या कपाळासमोर धरलं. इतक्या जवळून तिनं पोरीला कितीतरी महिन्यांनी पाहिलं. कपाळावर डाव्या बाजूला एक बारीक खूण होती. ती केव्हाची, ते तिला ठाऊक नव्हतं.

"किती?" निलमनं विचारलं.

"सत्त्याण्णव. जा."

पोरगी आत गेली. वर्गाचं दार चांगुणाला दिसत होतं, वर्ग दिसत नव्हता. आत जाऊन बघावं म्हणून तिनं दोनदा पाय उचलला. पण दहाला तिला वसमतला आशांच्या बैठकीला जायचं होतं आणि एसटी फाट्यावर येऊन थांबली होती. बैठकीत लसीची माहिती दिली, ती तिनं वहीत लिहून घेतली. नंतर पाहिलं तर पानावर तारीख दोनदा लिहिलेली आणि मधल्या दोन ओळी सुटलेल्या. एरवी तिच्या वहीत खाडाखोडसुद्धा नसायची. परतीच्या एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं ओ, तब्येत बरी न्हाई का?" चांगुणा म्हणाली, "बरी हाय," आणि खिडकीकडे सरकून बसली. शेताशेतांत हळदीचा पाला कापून पडला होता.

निलम उंबऱ्यातच बसली होती. चांगुणानं अंघोळसुद्धा केली नाही, अंगणात उभी राहूनच विचारलं.

"फळा पुरा दिसला का?"

"दिसला की. समोरच बसले."

"कोण बसवलं?"

"कोणीच न्हाई. सर म्हणले, कुठंबी बसा. नऊच जण आलतो." निलमनं वेणीची रिबीन ओढली. "पंचवीस सह्या तूच आणल्या ना? तिन्ही वर्ग मिळून बी तेवढे न्हाई आले. माझ्या बाजूचा केतकीचा बाक तसाच हाय. आई, तू सगळ्यायच्या घरी जाती. तिला घेऊन ये ना."

दिवसभराची काळजी आता सुटेल, असं चांगुणाला वाटलं होतं. ती निलमच्या बाकावरून केतकीच्या बाकावर गेली, एवढंच.

गुरुवारी मारुतीच्या गल्लीत मिनाच्या सासूची शुगर आणि ऑक्सिजन बघायची पाळी होती. मिनानं म्हातारीची खुर्ची ओट्याच्या अगदी कडेला ठेवली होती. चांगुणा पायरीवरच थांबली. म्हातारीचं बोट थंड होतं. चिमट्यावर आकडा स्थिर झाला.

"सत्त्याण्णव. चांगलं हाय."

"निलम गेली म्हणे," मिना म्हणाली.

"गेली."

"कुठं बसली?"

"समोर."

मिनानं पदर सारखा केला. "मी त्या दिवशी बिमारीचं बोलले, ताई. दुसरं काही नव्हतं माझ्या मनात."

"मला म्हाईत हाय," चांगुणा म्हणाली. खरं तर तिला माहीत नव्हतं. मिनाला तरी असेल का, याचीही तिला शंका होती. पण सप्टेंबरातली ती गाडी दोघींनी मिळून धुळीत नाहीशी होताना पाहिली होती, हे तिला नक्की माहीत होतं.

आतून केतकीचा आवाज आला. "काकू, काल काय शिकवलं?"

"अपूर्णांक. निलमला येईनात."

"मला येतेत," केतकी आतूनच म्हणाली.

चांगुणानं पिशवीतून कोरं संमतीपत्र काढलं. सह्यांबद्दल ती काही बोलली नाही. घरोघर सांगितलेलं तिनं इथं पुन्हा सांगितलं नाही.

"ठिवा तिथं," मिना म्हणाली. "सही करीनच असं न्हाई."

"नका करू. वाचा तरी."

वाऱ्यानं उडू नये म्हणून तिनं कागदावर ओट्यावर वाळत घातलेलं एक हळकुंड ठेवलं आणि पायऱ्या उतरली. गल्लीच्या वळणावर तिनं मागं पाहिलं. केतकी ओट्यावर येऊन उकिडवी बसली होती आणि कागदाला हात न लावता, मान वाकडी करून तो वाचत होती. मिना दारात उभी होती, तिला आत बोलावत नव्हती.

पुढच्या घरी एक म्हातारा आणि त्याची नात अंगणात एकाच बाजेवर बसले होते. चांगुणानं सवयीनं दोन्ही हात आडवे पसरले. तो 'लांब' शब्द ओठांपर्यंत आला. ती तशीच हात पसरून उभी राहिली, आणि ती दोघं आपणहून सरकेपर्यंत काही बोलली नाही.